टेसाची वरात आणि कर्नल टर्की

४ मे, रविवार. सकाळी ७
आजपासून राग बंद. कायमचा. सतरा तारखेला टेसाचं लग्न, टेकडीवरच्या बागेत, मेपलच्या झाडीत. लेक फोनवर म्हणाली, "डॅड, गाडीतून मला वर तूच न्यायचंस, हात धरून नवरदेवापर्यंत तूच चालायचंस. पण आरडाओरड नाही. हात उगारायचा नाही. नाहीतर हे सगळं मी रसेलला करायला सांगेन." रसेल म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. दातांचा डॉक्टर, मऊ बोलतो. मला त्याच्याबद्दल काहीही वाटत नाही.

त्याच दिवशी, ११
टेकडीवर पाहणीला गेलो. पार्किंगपाशी रानटर्की आडवा आला. पिसं फुलवलेली, मान लालभडक. मी बाजू दिली, तर मागून पोटरीत चोच मारली. रक्त. एकच लाथ घातली. चिडून नव्हे, शिस्त म्हणून.

६ मे
त्याचं नाव कर्नल ठेवलंय. आज पँट फाडली. बागेची रखवालदार ओडेट म्हणते, "मिस्टर गिफर्ड, वसंतात नर असेच माजतात. हात पसरून उभे राहा, जातो तो. मारू नका, खायला घालू नका. आणि चकचकीत गाडी वर आणू नका. पत्र्यात स्वतःलाच बघतो आणि दुसरा नर समजून तुटून पडतो." बाईला अनुभव कमी. मी अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलंय, भलीभली कुत्री सरळ केलीत.

९ मे
तह करायचं ठरवलं. मक्याचे दाणे नेले. सगळे खाल्ले, मग अंगावर आला. चष्मा फुटला, हनुवटी फाटली. बागेतलं फावडं घेऊन मागे धावलो. एका बाईनं घाईघाईनं पोरांना गाडीत कोंबलं, कशाला कोण जाणे. तीन टाके. टेसाला सांगितलं, दाढी करताना कापलं.

१३ मे
जिंकलो! हॉकी स्टिकचे तीन फटके. एक कर्नलला, एक बाकाला, एक माझ्याच घोट्याला. पिसं उडाली, पळाला झाडीत. विषय संपला. ओडेट म्हणाली, पुन्हा स्टिक दिसली तर पोलीस बोलावीन. शांतपणे ऐकून घेतलं. ती गेल्यावर कचऱ्याच्या डब्याला लाथ घातली. चिडलो नव्हतो.

१६ मे
गाडीला चार तास मेण घासलं. जुनी काळी गाडी, पण दारात बघून भांग पाडावा अशी झालीय. रसेलचा फोन आला. म्हणे, "माझी व्हॅन ने, मळकी आहे, टर्की तिच्या वाटेला जात नाही." नको म्हटलं. फोन हातातून निसटला आणि भिंतीवर जाऊन फुटला. स्टिक मागच्या सीटखाली ठेवली आहे, निव्वळ खबरदारी.

१७ मे, शनिवार. दुपारी ४
गाडी थांबवली आणि कर्नल थेट दारावर आला. धाड, धाड. चोचीनं रंग सोलला, आरसा लोंबकळला. टेसा मागे, पांढऱ्या झग्यात. म्हणाली, "डॅड, उतरू नकोस. गाडी पुढे घे."
सीटखालची स्टिक ओढून उतरलो. पहिला फटका कर्नलला चुकला, टेसाच्या काचेला बसला. मग हात थांबेना. दार, टप, दिवे. कर्नल तेव्हा केव्हाच पळाला होता म्हणे.
टेसाच्या गालावर रक्ताची बारीक रेघ. झग्यावरच्या काचा झटकून ती पलीकडच्या दारानं उतरली. मी म्हटलं, चिडलो नव्हतो गं. ती म्हणाली, "आईलाही हेच सांगायचास." रसेल वरून धावत आला. त्याचा हात धरून ती चालत वर गेली.

५ वाजता
वर टाळ्या वाजल्या. झालं वाटतं लग्न. मी गाडीपाशीच. कर्नल परत आलाय, पोचे पडलेल्या दारात बघून मान फुगवतोय. त्याला हाकललं नाही.
ओडेट नुकसानीची नोंदवही घेऊन आली. "हे सगळं टर्कीनं केलं असं लिहू ना?" ओठांवर 'हो' आलं होतं.
माझं नाव लिहायला सांगितलं.