दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद

३ मार्च, सोमवार

आलं एकदाचं! आमच्या त्या एकुलत्या एका तबकडीचं रीमास्टर. तबकडी काढणाऱ्या कंपनीतल्या साऊंडवाल्या बाईंनी फोनवर पाठवलं, सूनबाईने उघडून दिलं, तिचे ते भलेमोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. पुढची चाळीस मिनिटं मी या घरात नव्हतोच.

मूळ टेप कुठल्याशा गोदामात सापडली म्हणे. तिच्यावरून साफ केलंय. आणि साफ म्हणजे किती! तबकडीवर माझी गिटार म्हणजे शेजारच्या घरात कुणी भांडी लावतंय असं वाटायचं. आता एकेक तार सुटी. बोटं सरकताना तारेचं करकरणं येतं तेसुद्धा. आणि दादाचं व्हायोलिन — काय लिहू? वरच्या सुरावर झेप घेण्याआधी तो श्वास घेतो, तो श्वास ऐकू येतो! तेहतीस वर्षांच्या दादाचा श्वास. शिवाय बुटाची ठकठक, लाकडी फरशीवर, अख्खं गाणंभर.

"हा दादाचा बूट!" मी म्हणालो. सूनबाई स्वयंपाकघरातून — "बाबा, हेडफोन तुम्ही लावलेत. आम्हाला नीट ऐकू येतंय, ओरडू नका."

४ मार्च

पुन्हा सगळं ऐकलं. चौथं गाणं सोडून.

५ मार्च

आज चौथंही ऐकलं. धीर करून.

दोन मिनिटं एकेचाळीस. तिथे आहे ते. पूर्वी तबकडीच्या खरखरीत मिसळून जायचं. आता स्वच्छ — टण्ण! त्यानंतर माझी गिटार गप्प. दादा पुढे न जाता मागच्याच ओळीवर परत येतो, ती पुन्हा वाजवतो, मग पुढे जातो. गंमत म्हणजे तेवढ्यातही त्याचा बूट एकदाही अडखळत नाही. ताल पक्का होता पठ्ठ्याचा, चुकतानासुद्धा.

जेवण गेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

साऊंडवाल्या बाईंचा फोन. गोड बोलतात. "काका, चौथ्या गाण्यात एक टक्कन आवाज आहे. टेपचाच दोष असणार. काढून टाकू ना?"

मी म्हणालो, "हो हो, काढा."

इतक्या पटकन म्हणालो, की त्यांनीच विचारलं, "नक्की ना?"

"नक्की," म्हणालो.

७ मार्च

इथे तरी खरं लिहावं. ही वही कोण वाचतंय?

तो टेपचा दोष नाही. माझी तार तुटली होती. दुसरी तार, जुनी झालेली. दादा आदल्या दिवशी म्हणाला होता, "बदलून घे रे." मी म्हणालो होतो, "चालतंय की!"

माईक एकच होता तेव्हा. गिटारचा आवाज बारीक, म्हणून मी माईकला चिकटून बसलेला. व्हायोलिन मोठं, म्हणून दादा सात-आठ पावलं मागे, माझ्या पाठीशी. माझी बोटं काय करताहेत ते त्याला दिसत नव्हतं. तार तुटली आणि मी गोठलो. मागे दादाचा आधार सुटला असणार, तो वाट चुकला. निदान मी तरी इतकी वर्षं स्वतःला असंच समजावलं. उरलेलं गाणं मी पाच तारांवर रेटलं.

संपल्यावर दादा रेकॉर्डिंगवाल्यांच्या खोलीत ऐकायला गेला. तेवढ्या वेळात मी तार बदलली. तुटलेली खिशात कोंबली. सगळे बाहेर आले. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "तिसऱ्या मिनिटाला व्हायोलिन भरकटलंय. पण आता परत घेता येणार नाही, हॉल रिकामा करायचाय." सगळे दादाकडे बघायला लागले. दादा माझ्याकडे. मी मान खाली घालून खुंट्या पिळत होतो, जणू त्याहून महत्त्वाचं काम जगात नाही.

मग दादा म्हणाला, "हो. चुकलो."

एवढंच. आणि मी — मी तोंडातून चकार शब्द काढला नाही!

८ मार्च

कालचं अर्धंच लिहिलं.

तबकडी निघाली. पेपरात दोन ओळी आल्या : गिटार भरवशाची, व्हायोलिन मधेच हरवतं. आम्ही ज्या हॉटेलात वाजवायचो तिथल्या बँडमास्तरांनी तेवढं वाचून दुसरा व्हायोलिनवाला आणला. मला ठेवलं. मी राहिलो! त्या नव्या माणसाबरोबर अकरा वर्षं वाजवलं. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला, तो निवृत्त होईपर्यंत. मला कधी वाकडा शब्द बोलला नाही. लग्नाकार्याला येतो, तब्येत विचारतो, नातवाच्या गालाला हात लावतो. संगीताचा विषय मात्र निघत नाही. त्या हॉटेलात जायच्या पहिल्या दिवशी स्वतःचा कोट मला घालून दिला होता त्याने, बाह्या दुमडून.

सेहेचाळीस वर्षं झाली. एक वाक्य बोलायला किती वर्षं लागतात माणसाला?

१० मार्च

साफ केलेलं चौथं गाणं आलं. टण्ण नाही. काही नाही. आता कुणीही ऐकलं तर एकच म्हणेल — व्हायोलिनवाला चुकला.

हे मी काय करून बसलो!

११ मार्च

वहिनींना फोन केला. "भाऊजी, यांना हल्ली दम लागतो. डॉक्टर म्हणतात जपा. पण या ना, बरं वाटेल." शुक्रवारी येतो म्हणालो. ऐकवायचं आणि ऐकवता ऐकवता सांगून टाकायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

१३ मार्च

आरशासमोर बोलून पाहिलं. "दादा, त्या दिवशी तार तुटली होती." सूनबाई दारात उभी. "बाबा, कुणाशी बोलताय?" म्हटलं, दाढी करतोय. हातात वस्तरा नव्हता.

१४ मार्च, शुक्रवार

नाही बोललो.

दादा खिडकीशी खुर्चीत. किती वाळलाय! चष्मा मात्र चकचकीत. कोपऱ्यात तबकड्यांचं यंत्र, वर विणलेला रुमाल. तेही आता शोभेपुरतंच, असं वाटलं. वहिनींनी चहा दिला. मी हेडफोन त्याच्या कानांवर बसवले, माझ्यावर सूनबाई बसवते तसे.

पहिल्या गाण्याला डोळे मिटले. दुसऱ्याला उजवा पाय हलायला लागला. चप्पल, पण तोच ठेका! वहिनी तोंडाला पदर लावून बघत होत्या. तिसरं संपलं तेव्हा म्हणाला, "अरे, काय वाजवायचास तू!" मी काय वाजवायचो! तो, आणि मला म्हणतो!

चौथं सुरू झालं. वाटलं, आता. आता बोल, मुखदुर्बळा! मधेच दादाने एक बोट वर केलं. तसंच धरून बसला, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग हळूच खाली घेतलं. माझ्याकडे पाहिलं.

"परत लाव रे तेवढं."

लावलं. पुन्हा बोट वर. पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच. बिचारा स्वतःची चूक शोधतोय, या वयात, माझ्यामुळे! "साफ केलंय छान," एवढंच म्हणाला आणि हेडफोन काढून दिले. मी म्हणालो, "हो, बाई हुशार आहेत." आणि चप्पल घालून निघालो. लाज वाटते स्वतःची.

१५ मार्च

साऊंडवाल्या बाईंना फोन केला. म्हटलं, तो आवाज परत घाला, तो टेपचा दोष नाही, माझी तार होती ती. सरळ सांगून टाकलं, परक्या बाईला! सहज जमलं.

त्या म्हणाल्या, "काका, काल दुपारी सगळं छपाईला गेलं हो. आधी सांगायचं ना."

आधी सांगायचं ना.

१६ मार्च, रविवार

दिवसभर घरात. गिटारची पेटी काढली. अस्तराच्या खिशात ती तार अजून आहे, गुंडाळलेली. गंजलीय. उद्या घेऊन जातो आणि दादाच्या हातात ठेवतो. बोलता नाही आलं तर नाही.

१७ मार्च

निघायच्या आतच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, एक विचारायचं राहिलं. हे शुक्रवारपासून पुन्हा पुन्हा म्हणतायत — आमच्या तबकडीवर तर रोज ऐकतो मी, मग या नव्यात त्याची तार तुटल्याचा आवाज कुठे गेला?"