तिसऱ्या रांजणातली शोचू

माकुराझाकी,
८ नोव्हेंबर २००९

प्रिय ताकेहिको दादास,

सुमिएचा नमस्कार. कुशिरोत एव्हाना बर्फ पडायला लागलं असेल. गुडघ्याला पट्टा बांधत जा. इकडे अजून स्वेटरही निघालेला नाही. रताळी यंदा लहान, पण गोड आहेत. हामादा काकू अजून रताळी छाटायला येतात आणि अजून तशाच बोलतात. परवा म्हणाल्या, "नवऱ्याला सोडून आलीस ते बरं केलंस. भट्टीला कुणीतरी मिळालं."

हसू नकोस, पण मी आपली रताळ्याची दारू, शोचू, प्यायला लागलेय. शाळेत जाताना दोन-दोनदा केस धुणारी मी. मुली म्हणायच्या ना, 'भट्टीवाली आली, नाक धरा.'

गेल्या वर्षीच्या आजारपणात बाबांना वास येईनासा झाला आणि चवही कळेनाशी झाली. कुणाला बोलले नाहीत. एक दिवस पेला माझ्यापुढे सरकवला. "मला नुसतं गरम पाणी लागतंय. तू चाख."

"मला वासानेच मळमळतं."

"मळमळू दे. जीभ तर आहे ना?"

आठवडाभर मी थुंकतच होते. मग एका संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं आधी पेल्यात गरम पाणी घेतलं, वरून शोचू सोडली, आणि माझ्याकडून घोट गिळला गेला. भाजलेल्या रताळ्याची जळकी साल, ओली माती, आणि सगळं उतरल्यावर मागे राहिलेला गोडवा. तू मला खांद्यावरून रांजणघरात न्यायचास, जमिनीत पुरलेल्या रांजणाला कान लावायला सांगायचास. 'ऐक, रताळी कुजबुजतायत.' तिथला तो काळोखा गारवा माझ्या तोंडात होता. मी रडले. बाबांना वाटलं, ठसका लागला.

हळूहळू जीभ तयार झाली. मार्चमध्ये मी म्हणाले, "तिसऱ्या रांजणातली वेगळी आहे. शेवटी किंचित कडू, पण तीच पुन्हा प्यावीशी वाटते."

बाबांनी माझ्या हातातून पेला घेतला. मग म्हणाले, "ताकेहिकोही हेच म्हणायचा." सोळा वर्षांत तुझं नाव पहिल्यांदा. "पोरगा रांजणांच्या जागी स्टीलच्या टाक्या आणू म्हणाला, तर मी घराबाहेर काढला. फोन लाव त्याला."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "लावला होता, उचलत नाही." ते दर चार दिवसांनी विचारायचे, मी तेच सांगायचे.

दादा, बाबा अठ्ठावीस सप्टेंबरला सकाळी गेले. भट्टीत यंदाची पहिली रताळी वाफेवर होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी येत्या रविवारी, पंधरा तारखेला आहे.

मी फोन लावलाच नव्हता. एकदाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी गरज पडली होती, आणि तू आला असतास तर तो पेला तुझ्यापुढे सरकला असता. शेवटच्या आठवड्यातही म्हणाले, "रागावलाय अजून. बरोबर आहे त्याचं." मी समोर बसून ऐकत राहिले. अंत्यविधीचंही कळवलं नाही, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

माफी कशी मागू, कळत नाही. ते तुझ्यावर रागावलेले नव्हते, एवढं तुला कळावं. रविवारी ये. मला हाकलायचं असेल तर समोर उभा राहून हाकल, पण ये.

त्यांचा निरोप आठ महिने दाबून ठेवणारी,
तुझी बहीण
सुमिए