शनिवारपर्यंत पुसू नये

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१२ जानेवारी १९९२

ती. दाजींच्या सेवेशी,
मृणालिनीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व मजेत. तुमचा खोकला कसा आहे ते कळवा. अडुळशाचा काढा विसरून गुळाचा खडा तेवढा खाता, हे मला इथे बसूनही दिसतं.

या वेळी एक बातमी आहे. आमच्या सोसायटीत मी फळा लावून घेतला. आपल्या शाळेतल्यासारखाच काळा, लाकडी, जिन्याखाली मीटरच्या खोलीशेजारी. बत्तीस बिऱ्हाडं आणि भाषा पाच. कमिटीची मीटिंग सेक्रेटरी चंदनभाईंच्या घरी होते. चार पुरुष चहा पितात, आणि काय ठरलं ते आम्हाला पंधरा दिवसांनी वॉचमनकडून कळतं. म्हणून म्हटलं, ज्याला जे सांगायचंय ते त्याने तिथे लिहावं. नियम दोनच. खाली नाव घालायचं, आणि लिहिलेलं शनिवारपर्यंत कुणी पुसायचं नाही.

चंदनभाईंनी आधी खडूचा डबाच काढून नेला. म्हणाले, इससे झगडा होगा, भाभी. मी दुसरा डबा सुतळीने बांधला. तोही गेला. तिसऱ्या वेळी तळमजल्यावरच्या ममताबेननी स्वतःच्या पैशाने डबा आणला, आणि सर्वसाधारण सभेत हात वर झाले. आता हरवलेल्या टिफिनपासून जिन्यातल्या अंधारापर्यंत सगळं फळ्यावर येतं. जितेंद्र ऑफिसातून आला की आधी फळा वाचतो, मग घरात येतो. दिव्या शाळेत तुमच्यासारखे गोल आकडे काढायला शिकली आहे.

तुमच्याकडे मोहर आला असेल. आठवण येते.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची,
मृणालिनी

*

कातळवाडी, जि. रत्नागिरी
२४ जानेवारी १९९२

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. एरवी तुझं पत्र म्हणजे सगळे मजेत, तुम्ही मजेत असाल, कळावे. पोस्टमन विठू ते माझ्या हातात देतानाच म्हणतो, मास्तर, सगळे मजेत आहेत. या वेळी तो बिचारा ओट्यावर बसून राहिला आणि पुढे काय झालं ते विचारत होता.

तुझी आई गेल्यापासून घरात बोलायला मी आणि रेडिओ. त्यात रेडिओ माझं ऐकत नाही. संध्याकाळी दिवा लावताना तुझ्या खोलीचं दार उघडून ठेवतो, उगाच. चार वर्षं झाली तुला इथे येऊन. तुझी पत्रं येतात, तू येत नाहीस. कामं असतात, दिव्याची शाळा असते, हे मला समजतं. तरी लिहून टाकलं.

फळ्याचं फार चांगलं केलंस. छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस आहे मी, म्हणून एक विचारतो. खडू सगळ्यांच्या हाताला येईल असा बांधलास हे लिहिलंस. फडकं कुणाकडे असतं ते लिहिलं नाहीस.

काढा घेतो आहे. गूळही.

जितेंद्ररावांस नमस्कार, दिव्यास गोड पापा.
तुझा,
दाजी

*

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१ मार्च १९९२

ती. दाजींच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

फडकं माझ्याकडेच असतं. दर शनिवारी मीच पुसते. आणि आता त्यावरूनच सोसायटीत माझ्याबद्दल कुजबुज चालू आहे.

झालं असं. तिसऱ्या मजल्यावर नऊ दिवस पाणी चढलं नाही. खालच्या घरांत नळ खळाळतायत आणि मी दिव्याला ओल्या टॉवेलने पुसून शाळेत पाठवतेय. पंप चालू करायला बबन येतो. राई गावचा, वयाने पन्नाशीचा, अबोल माणूस. पाणी सोडणं त्याच्याच हातात, म्हणून मी फळ्यावर लिहिलं की बबन मर्जीतल्या घरांना पाणी देतो आणि वरच्या मजल्यांचा वॉल अर्धा बंद ठेवतो. खाली नाव घातलं.

मंगळवारी त्याने माझ्या ओळीखाली लिहिलं : "पानी मी सोडतो, पन वॉलची चावी माज्याकडं न्हाय. ती सेक्रेटरींकडं हाय. बाईंनी मला इचारलं न्हाय, लिवलं. बबन."

बायका जाता येता ते वाचत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. बुधवारी सकाळी मी ते पुसलं. माझी ओळ ठेवली, त्याची पुसली. मला वाटलं, खोटं बोलतोय, आणि असंच चाललं तर फळ्यावर भांडणंच होतील. शनिवारी कमिटीने त्याला कामावरून काढलं. चंदनभाईंनी तर माझे आभार मानले. ते आभार मला गोड लागले नाहीत, पण घेतले.

ममताबेन तेव्हापासून फळ्याकडे फिरकलेल्या नाहीत. परवा कुणीच काही लिहिलं नाही. फळा काळा, कोरा.

पाणी अजून चढत नाही. दाजी, तुम्ही तरी म्हणा की मी बरोबर केलं.

माया कमी होऊ देऊ नये.
तुमची,
मृणालिनी

*

कातळवाडी
१२ मार्च १९९२

चि. सौ. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तसं म्हणता येत नाही, बाळ. आणि का ते सांगायला मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. तेरा वर्षं ती सांगायची टाळली.

देवळातली ती सभा तू विसरली नसशील. सरपंच म्हणाले, आपल्या गावची विहीर सर्वांना खुली आहे. तू सतरा वर्षांची. उठून म्हणालीस, खुली नाही, खालच्या वाडीच्या बायका घागर खाली ठेवून ताटकळत उभ्या असतात आणि कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी नेतात. सगळी सभा माझ्याकडे वळली. माझी बदली सरपंचांच्या एका शब्दावर होती आणि तुझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मी तुला तिथेच सांगितलं, सगळ्यांसमोर मी चुकले म्हण. तू म्हणालीस. खाली बसताना माझ्याकडे पाहिलंही नाहीस.

तू खरं बोलली होतीस. मी रोज शाळेत जाताना त्या बायकांना उभ्या असलेलं पाहत होतो. पण समजा तुझं चुकलं असतं, तरी ते सभेने तुझ्याशी बोलून ठरवायचं होतं. मी तुझं बोलणंच पुसून टाकलं, आणि मग खरं काय हे विचारायला जागाच उरली नाही. विहीर पुढे आठ वर्षं तशीच राहिली. माझ्या त्या शहाणपणाने एकच झालं. तुझी पत्रं सगळे मजेत इथपर्यंत येऊन थांबायला लागली.

तुझा तो बबन खोटं बोलला असेल. मला ठाऊक नाही. आता तुलाही ठाऊक नाही. ती ओळ शनिवारपर्यंत राहिली असती तर बत्तीस घरांपैकी एकाने तरी चंदनभाईंकडे चावी आहे का म्हणून विचारलं असतं. आपल्या बाजूचं लिहिलेलं कुणीही राखतो गं. नियम केला होतास तो आपल्याला टोचणाऱ्या ओळीसाठीच ना?

रागावू नकोस. रागावलीस तर तसं लिही. मी ते पत्रसुद्धा जपून ठेवीन.

तुझा,
दाजी

*

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
५ एप्रिल १९९२

प्रिय दाजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग राईला गेले, एकटीच. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला आणि तिथून रिक्षा. बबन शेताच्या बांधावर होता. अर्धं शेत बिल्डरला गेलंय, उरलेल्यात वांगी लावलीत. त्याची बायको सुगंधा हिने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी म्हटलं, कामावर परत घ्यायला लावते. तो म्हणाला, काम मिलंल कुठं बी, बाई. पन तुमी माजं पुसलं, तवा मी चोर हाय असंच सगल्यांनी धरलं.

मागच्या रविवारी तो आला. सगळ्यांसमोर खडू घेऊन त्याने तीच ओळ तशीच्या तशी पुन्हा लिहिली. त्याच्याखाली मी लिहिलं : "बबनला न विचारता आरोप केला आणि त्याचं उत्तर पुसलं. मी चुकले. मृणालिनी." मग ममताबेननी खडू उचलला आणि गुजरातीत एवढंच विचारलं की चावी कुणाकडे आहे.

चावी चंदनभाईंच्या घरी खिळ्याला होती. ते म्हणतात, टाकी फुटू नये म्हणून वॉल अर्धा ठेवत होतो. त्यांनीही फळाभर खुलासा लिहिला, त्यात माझ्यावर चार टोमणे. दाजी, आठवडाभर रोज त्यासमोरून जाताना हात शिवशिवत होते. पुसलं नाही. काल शनिवारी पुसलं, आणि फडकं आता खडूच्या डब्यालाच बांधून टाकलंय. बबन उद्यापासून कामावर येतोय. पाणी चढतं, पण अजून करंगळीएवढंच.

मी चुकले हे शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांदा म्हटले. या वेळी ते खरे होते. पहिल्या वेळी नव्हते. देवळात त्या दिवशी मी चुकले नव्हते, दाजी. तुम्ही चुकला होतात. मला तुमचा फार राग आला होता. सासरी आले तरी तो गेला नाही, आणि दर मे महिन्यात मी काहीतरी कारण काढत राहिले. तुम्हाला हे सांगता येत नव्हतं, म्हणून दुसरंही काही सांगता येत नव्हतं. तुमच्या हातची पेज आठवते, तुम्ही मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचात ते आठवतं, आणि इतकी आठवण येते की कधी कधी भर दुपारी रडू येतं, हेसुद्धा नाही.

परीक्षा संपली की दिव्याला घेऊन येते. खोलीचं दार उघडं ठेवा.

या पत्रात तुमच्या खोकल्याची चौकशी राहून गेली. आल्यावर भांडताना करीन.

तुमचीच,
मृणाल