फिनलँडचा ठराव, माझ्या गैरहजेरीत

विद्यानगर, हैदराबाद
१९ जानेवारी

आदरणीय दाजींना,

मेहुणा संभाजीचा विद्यानगरहून सविनय जय भीम. इकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत, माझी सोडून. तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? कानाचं मशीन कपाटातून कानापर्यंत पोचलं का? फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन आक्का उचलते आणि स्पीकर लावून तुमच्या वतीने उत्तरं देते. आज जे लिहितो आहे ते तिच्या कानावरून जाता कामा नये, म्हणून कागद घेतला. उदगीरला पोस्टमन अजून येतो ना? तो आला की पत्र स्वतः घ्या, आणि आधी खुर्चीत नीट बसा. तुम्ही हेडमास्तर होतात, मोठमोठे धक्के पचवलेत, तरी बसा.

दाजी, तुमची बायको मार्चमध्ये फिनलँडला चालली आहे.

तिने सांगितलं असेल तर माफ करा. नसेल सांगितलं तर मी सांगतो, कारण व्हिडिओ कॉलवर हा ठराव झाला तेव्हा तुम्ही तिच्या मागे आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेले होतात असं संघपाल म्हणतो. (मी ते पाहिलं नाही. मी का पाहिलं नाही, तिथेच सगळी गोची आहे.)

आता पहिल्यापासून सांगतो. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा संघपाल म्हणाला, पप्पा, तुम्ही आणि मम्मी युरोपातला एक देश बघून या, तिकीट माझं, देश तुमचा. सात दिवसांत दहा देश दाखवणाऱ्या बसमध्ये कोंबून घ्यायचं नाही, एकच देश, निवांत. पोरगं गुणाचं आहे. पण तुम्हाला माहीत आहे, आमच्या घरात कुठलीही गोष्ट अशी उचलली जीभ लावली टाळ्याला होत नाही. बावीस वर्षं कर्मचारी संघटनेचा सचिव होतो मी. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घरात रीतसर बैठक होते. अध्यक्ष मी, उपाध्यक्ष विमल, विषयपत्रिका, ठराव, सूचक, अनुमोदक, सगळं वहीत. फ्रीज ठरावाने आला. संघपालचं नाव ठरावाने पडलं. मग अख्खा देश ठरावाशिवाय कसा निवडायचा?

चार महिने मी फाईल केली. वर्तमानपत्रांची कात्रणं, देशवार. माझं धोरण साधं होतं. जिथे कष्टकऱ्याला मान नाही तिथे जायचं नाही, आणि जिथे बाहेरच्याला बघून नाक मुरडतात तिथेही नाही. दाजी, एवढी दोन अटींची चाळणी लावली आणि युरोप गळायला लागला ना, मी थक्क झालो. फ्रान्स मनात होता. पण तिथे वरचेवर संप. संप वाईट असं मी म्हणणार नाही, मी स्वतः सात केले. पण ऐन संपात आपण सुटकेस ओढत एखादी चालू गाडी शोधायला लागलो तर आपण संपफोडे झालो की नाही? या वयात? स्पेनमध्ये लोकांनी पर्यटकांच्या अंगावर पिचकाऱ्या मारल्या, घरी जा म्हणाले. मी वाचून हादरलो. मग कारण वाचलं, पर्यटकांमुळे घरभाडी वाढली. आता स्पर्धापरीक्षेच्या पोरांमुळे विद्यानगरात भाडी चढली तेव्हा निवेदनावर पहिली सही माझीच होती. म्हणजे स्पेनवाल्यांचं बरोबर, म्हणून स्पेन रद्द. हॉलंडात दुपारी थंड पाव खातात म्हणे, भरल्या घरात, धडधाकट माणसं. जर्मनीत रविवारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी तक्रार करतो. (विमल म्हणाली, आपण तिथे खिळे ठोकायला चाललोय का? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.) पोलंडच्या शेजारी लढाई. लंडनला बाबासाहेबांचं घर आहे, तिथे सगळ्यांनी मिळून जायचं हे कधीच ठरलं आहे, ते दर्शन आहे, सहल नव्हे. त्यामुळे तोही देश यादीतून वजा.

असे अकरा देश मी सकारण फेटाळले आणि या महिन्याच्या बैठकीत स्थगिती मागितली. आक्काला व्हिडिओवर निमंत्रित सदस्य म्हणून घेतलं होतं. तेवढ्यात आमची सूनबाई रोशनी बोलली. पोरगी इथलीच, बरकतपुऱ्यात वाढलेली, मराठी वाचताना अडखळते, पण बोलताना कुठेच अडखळत नाही. म्हणाली, "मामा, नक्को इत्ती मेहनत. एकदा आपल्याच देशाची फाईल करून बघा ना. हीच चाळणी लावली तर आपल्याला इथं तरी राहता येतं का, ते कळंल."

मी प्रश्न गैरलागू ठरवला. संघपाल हसला. आक्का हसली, ते तर मोबाईल हलल्यावरून कळलं. आणि विमल, जिने छत्तीस वर्षांत माझ्या प्रत्येक ठरावाला अनुमोदन दिलं, तीही पदराआड हसत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी फाईल उचलली आणि सभात्याग केला.

सभात्याग म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माणूस कायमचा जात नाही. बाहेर पडतो, चहा पितो, आणि अर्ध्या तासात आतले लोक बाहेर येऊन म्हणतात, साहेब, चला, तुमचं म्हणणं ऐकतो. माझ्या नोकरीत असं नऊ वेळा झालं. म्हणून मी रिक्षाने सुलतान बाजारला गेलो, दोन चहा प्यायलो, तीन बनियन घेतले आणि मोबाईल हातात धरून बसलो. एक तास झाला. दीड झाला. बॅटरी तपासली, भरलेली होती. हॉटेलवाला म्हणाला, क्या साब, किसी का इंतजार है? मी म्हटलं, हौ, अख्ख्या कार्यकारिणीचा. अडीच तासांनी स्वतःच उठून घरी आलो. कोणी विचारलंसुद्धा नाही की कुठे होतात. विमल हातांच्या खुर्चीत, म्हणजे माझ्या खुर्चीत, बसली होती आणि बोरं खात होती. म्हणाली, बैठक संपली, ठराव झाला.

अध्यक्ष नसेल तर उपाध्यक्षाने बैठक चालवावी, हा नियम माझा. विमलने चालवली. रोशनीने अडखळत का होईना, इतिवृत्त लिहिलं. देश फिनलँड, महिना मार्च, जाणार सौ. विमलाबाई आणि सौ. त्रिवेणी, म्हणजे आपली आक्का. सूचक विमल, अनुमोदक आक्का. दाजी, नणंद आणि भावजय एका ठरावावर! पिढ्यान्‌पिढ्या न झालेली युती अडीच तासांत झाली. श्रीलंकेच्या धम्मयात्रेला काढलेला आक्काचा पासपोर्ट अजून चालतो, हेही त्यात नोंदवलं होतं. आणि माझं नाव? मी विचारलं तर संघपालने वही काढली आणि नियम सात वाचून दाखवला. सभात्याग करणाऱ्या सदस्याची त्या विषयाला संमती आहे असे समजावे, मात्र त्याला त्यात वाटा राहणार नाही. हा मीच लिहिला होता, संघपाल इंजिनिअरिंगच्या विषयावर पाय आपटत बाहेर गेला होता तेव्हा. पोरगं पंधरा वर्षं तो नियम मनात धरून बसलं होतं. झालेला ठराव सहा महिने उकरायचा नाही, हाही माझाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी तरी शेवटचा मुद्दा काढला. म्हटलं, फिनलँडला रशियाची लांबलचक सीमा आहे, काय भरवसा? तर विमलाबाई (बैठकीपासून मी त्यांना अहो-जाहो करतो आहे, आपोआपच होतंय) म्हणाल्या, आपल्या सीमांवर काय पाळणे हलतात? मग मी विचारलं, पण सगळे देश सोडून फिनलँडच का? त्यांनी बोराची बी काढून बाजूला ठेवली.

"तिथली माणसं फार कमी बोलतात म्हणे. मला तेवढंच पाहिजे."

दाजी, त्यानंतर मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

पत्र इथे थांबवतो. तब्येतीला जपा. मशीन कानात घाला, आपल्यासारख्यांनी आता ऐकून घेतलेलं बरं.

तुमचा,
संभाजी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. विमलाबाई एकट्या जाणार नाहीत, आक्का असेल तरच जाणार, असं ठरावातच आहे. तेव्हा तुम्ही एवढंच करा. दोन दिवस डोकं धरून बसा, बीपी वाढलंय म्हणा. आक्का तुम्हाला सोडून जाणार नाही. तिचं नाव गळलं की ठराव आपोआप पडतो.

ता. क. दोन : वरचं लिहून झाल्यावर नियमांत कुठे फट सापडते का, म्हणून सगळ्या जुन्या वह्या काढल्या. १९९७ची वही उघडली. मे महिन्याची बैठक, अक्षर माझं. "सौ. विमलाबाई यांनी बर्फ पडताना एकदा बघावे अशी इच्छा मांडली. विषय तातडीचा नसल्याने पुढील बैठकीत घ्यावा." मी पुढची बैठक काढली. नव्हता. त्याच्या पुढची काढली. दाजी, दुपारभर जमिनीवर बसून मी २०२५पर्यंत आलो. पाण्याची टाकी आहे, कुकर आहे, माझ्या चष्म्याची फ्रेमसुद्धा आहे. बर्फ कुठेच नाही. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, अनुमोदक, सौ. विमलाबाई. मला फार लाज वाटली. त्यांना वही दाखवली आणि म्हटलं, मी विसरलो होतो. त्या म्हणाल्या, तुम्ही विसरलात, मी कशाला विसरू?

ता. क. तीन : बीपी वाढवू नका. वरचं खोडून टाकलं असतं, पण लिहिलेल्यात खाडाखोड करायची नाही ही बावीस वर्षांची सवय. त्याऐवजी दुसरं काम करा. नामपल्लीला नुमाईशचं प्रदर्शन लागलं आहे. तिथे काश्मिरी लोकांकडे आतून लोकर असलेले बूट मिळतात, ते दोघींना मी घेणार आहे. मला आक्काच्या पायाचं माप पाहिजे. नंबर विचारू नका, ती लाजून कमी सांगते. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि पाठवा. कोरा कागद जोडणार होतो, पण विमलाबाईंच्या दोन पावलांत शेवटचे दोन गेले. (त्या जरा आडव्या झाल्या होत्या तेव्हा काढली. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर मोठा आहे. छत्तीस वर्षं त्यांना एक चप्पल घट्ट होत असणार, आणि मला आज कळलं.) तेव्हा याच पत्राच्या पाठीमागे काढा.

ता. क. चार : पत्र पालथं करूनच जमिनीवर ठेवा. वर पाऊल आणि खाली मी, एवढंच तिला दिसू द्या. तरी तिने उलटून वाचलंच, तर बीपीची कल्पना तुमची होती असं सांगा. आणि ती मार्चमध्ये विमानात बसली की तुम्ही बॅग घेऊन इकडे या. भात मी शिकतो आहे, वरण तुम्ही बघा. पहिल्या रविवारी मला बैठक घ्यायची आहे, आणि किमान दोन माणसं (हसणारी पोरं मी मोजत नाही) असल्याशिवाय ती भरत नाही. नियम माझाच आहे.