पिंपातलं पाणी

उस्मानाबाद
एप्रिल १९७३

प्रिय दादा,

विद्यापीठाच्या विद्यार्थी-संशोधन स्पर्धेत माझ्या प्रयोगाला पहिलं बक्षीस मिळालं. बी.एस्सी.च्या मुलीनं नंबर काढला म्हणून कॉलेजात पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच कागदात गुंडाळून ठेवला. तेव्हापासून खोलीत नुसत्या येरझाऱ्या चालल्या आहेत.

फाल्गुनात मी आपल्या गावी, माकणीला आले, तेव्हा वस्तीतल्या पोरांना झटके येत होते. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. सरुबाईच्या नातवाला मी मांडीवर धरलं, तर त्याचे हातपाय लाकडासारखे ताठले. सरुबाई म्हणाली, "पोरी, तू लई शिकलीस, काय झालंय सांग की." निघताना तिच्या पिंपातलं पाणी, तळाची थोडी खरवड आणि टँकरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून आणलं.

डबक्यातले मासे आणून दोन्ही पाण्यांत सोडले. टँकरच्या पाण्यातले पोहत राहिले. पिंपाच्या पाण्यातले गरगर फिरले आणि उलटे झाले. मग खरवड तांब्याच्या तारेवर घेऊन ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे क्लोरीन, कीटकनाशकात असतो तोच. पिंपात आधी पिकावर फवारायचं औषध होतं. राखेनं कितीही घासलं तरी ते पत्र्याच्या सांध्यात बसून राहतं. कॉलेजातले सर खुशीत म्हणाले, "विशाखा, हे छापून यायला हवं!" मी हो म्हणून मान हलवली, पण गावाला काहीच कळवलं नाही.

आज आपल्या शेजारचा महांतप्पा इथं बाजाराला आला होता. म्हणाला, "सरुबाईचा नातू गेला, ताई." आणखी दोघं आजारी आहेत म्हणे.

दादा, ती रिकामी पिंपं गावच्या सहकारी सोसायटीतून तूच वाटलीस. टँकर यायचा आणि बायकांकडे पाणी साठवायला भांडं नसायचं, ते तुला बघवलं नाही. गाव अजून तुझं नाव घेतं. तुला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण आता मला ठाऊक आहे. आज मी सरांना घेऊन तहसीलदारांकडे जाते आहे. पिंपं कुणी दिली हे ते विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही. त्यांची जीप येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून महांतप्पाच्या हाती हे देते. वाचलंस की आधी आपल्या दारातलं पिंप उपडं कर. वहिनी पोटुशी आहे. मग घरोघर जा. सरुबाईकडे मात्र एकटा जाऊ नकोस. उद्या मी येते, तिला आपण दोघं मिळून सांगू.

तुझीच,
विशाखा