राजाच्या कोटावरची सही

१० नोव्हें. ८६, सोम. बल्लारपूर

मनोहर येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, आता वारलूच्या गावच्या नाट्यमंडळाचा सेक्रेटरी. शाळेत याची कॉपी मी पकडली होती. आज तोच म्हणतो, "गुरुजी, खोटी सही ओळखाले तुमीच पाह्यजे."

वारलू, आमच्या नाटकांतला राजा, जाऊन वर्ष झालं. त्याच्या नावानं गावात पक्का रंगमंच बांधायचा आहे. येत्या रविवारी, मंडईच्या जत्रेच्या दिवशी, त्याच्या वस्तूंचा हर्रास. लोकांनी पेट्यांतून फोटो, हँडबिलं काढून दिली, एक लाकडी तलवारसुद्धा. सगळ्यांवर त्याची सही. बोली लावणाऱ्यांना खात्री हवी, म्हणून 'सह्या अस्सल' असं मी लिहून द्यायचं. अठरा वर्षं त्याचा प्रॉम्प्टर होतो मी. माझ्याहून कोण जाणणार!

एक कोट मात्र बाजूला काढून परत पाठवलाय. नाटकाचे कपडे शिवणाऱ्या, मूल गावच्या रहीमभाई दर्ज्यानं दिलेला. "नकली हाये गुरुजी. बाकी साऱ्या सह्या एका वळनाच्या, हेच वाकडीतिकडी. कोनं तरी पाहून पाहून काढली."

मी चहा पीत राहिलो. बशीत सांडला थोडा.

११ नोव्हें. मंगळ.

इथं तरी खरं लिहून टाकतो. वारलूला लिहिता येत नव्हतं. त्या साऱ्या सह्या माझ्या.

पहिली सिंदेवाहीकडची. शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे दिवस, धानाच्या बांधीत तंबू, तणसाच्या पेंढ्यांवर बसलेली माणसं. राजाचं काम संपवून वारलू घामानं चिंब उभा. एका मास्तरीणबाईनं वही पुढं केली. माझ्या नुसत्या कुजबुजीवर अख्खं नाटक पेलणारा वाघ, पेन पाहून पांढरा पडला. मी म्हटलं, "राजेसाहेब मुकुट उतरवून सही देतील," आणि वही आत नेली. तेव्हापासून तोच रिवाज.

आमच्याकडे नट पाठ करत बसत नाही. प्रॉम्प्टर मागून बोलतो ते उचलतो आणि आपलं करून टाकतो. शब्द माझ्या तोंडचे, मग सही माझ्या हातची, त्यात काय मोठं! मजाच यायची. काय ऐटीत काढायचो मी ती. अक्षर मोत्यासारखं होतं तेव्हा. आता या वहीतल्या ओळी पाहा, घाट उतरताहेत. हात स्थिर राहत नाही.

किती वेळा म्हटलं त्याला, पाटी घे, आठ दिवसांत शिकवतो. "तू हायेस ना मास्तर," म्हणायचा आणि विडी पेटवायचा. फार आठवण येते त्याची.

१३ नोव्हें. गुरु. मूल

एस.टी.नं आलो. रहीमभाई वाळलाय.

"मास्तर, चाळीस साल कपडा कापला, कोनाची चिंधी नाई ठेवली. आता बजारात म्हनून राह्यले, दर्ज्यानं नकली सही ठोकली. दुकानात बसाची शरम वाटते."

कोट पसरला. लाल मखमल, जरी काळवंडलेली. अंगात घातला की वारलू दोन बोटं उंच दिसायचा. सही आत, अस्तरावर. एकेक अक्षर बैलानं नांगर ओढावा तसं ओढलेलं.

"मांगच्या सालच्या उन्हाळ्यात वारलू आला होता. कोट ढिला झाला म्हने. म्हनलं आवळून देतो. त नाई म्हने, तूच ठेव, आता मी काई उभा राहत नाई. मंग खिशातून हँडबिल काढलं, समोर ठेवलं, अन् पाहून पाहून सही केली. आधा घंटा लागला मास्तर. घाम टपकून राह्यला होता."

हँडबिलावरची सही माझी. म्हणजे वारलूनं जन्मात एक सही केली आणि ती माझ्या सहीची नक्कल! मनोहरची नजर चोख म्हणायची. जी नकली म्हणून बाजूला काढली तेवढीच एक खरी.

आधी हसू फुटलं. मग दुकानातच रडलो. रहीमभाईनं मान खाली घातली आणि कापड न घालता मशीन चालवत राहिला.

१४ नोव्हें. शुक्र. वारलूचं गाव

इथवर रागातच आलो. माझ्याकडं शिकायला लाज, आणि दर्ज्याच्या दुकानात अर्धा तास! वारलूची बायको, यशोदावैनी, धान कापून नुकत्या घरी आलेल्या. पाणी दिलं. मी सरळ विचारलं.

"दोन पावसाळे गिरवत होते भाऊजी. चुलीमांगच्या भितीवर, कोळशानं. तुमाले सांगू नोको म्हनत."

"काऊन पन?"

"तुमची घरवाली वारली ना त्या साली. हे म्हनत, मास्तर आता माह्या सह्यांसाठीच घराभायेर पडते. मले लिवता येते समजलं त बुढा पोराघरी तोंड लपवून बसन."

भिंत पाहिली. दिवाळीला सारवली, काही उरलं नाही.

मूर्ख लेकाचा. मला वाटायचं मी त्याची लाज झाकतोय.

विचारलं, सांगू का लोकांना? रिकामा तांब्या उचलत म्हणाल्या, "त्याइची अब्रू तुमी झाकली. रहीमभाऊची कोन झाकन? सांगा. पन त्याइच्यावर कोनाले हासू देजा नोको."

हे शेवटचं कसं जमवायचं, ते मला सुचत नाही.

१५ नोव्हें. शनि.

मुक्काम मनोहरकडं. दाखला टाइप करून तयार. खाली माझ्या नावाची जागा रिकामी.

ओसरीत त्याच्या वडिलांचा वारलूसोबतचा फोटो, काच लावून, रोज पुसलेला. त्यावर सही. मीच केलेली, त्याखाली 'सप्रेम' पण माझंच. अशी किती घरं असतील. त्यांच्या हातून काय काढून घेणार आहे मी? आणि नाही घेतलं, तर रहीमभाई चोर.

शेवटी मनोहरला सांगितलं सगळं. पोरगा हसला. "गुरुजी, दर्ज्याले वाचवासाठी तुमी आपल्या दोस्ताले अंगठाछाप करून राह्यले? कोन मानन?"

मी म्हटलं, मंडपात फळा आणि खडू ठेव. सगळ्यांसमोर तीच सही काढून दाखवतो. हर्रास त्यानंतर कर.

त्याचा चेहरा उतरला. फोटोकडं पाहिलं त्यानं. पण फळा ठेवतो म्हणाला.

१६ नोव्हें. रवि. सकाळी

मंडपात माणसं जमताहेत. रहीमभाई कोट घेऊन आलाय, सगळ्यात मागं बसलाय. वैनी पुढं.

मनोहरच्या लेकीची पाटी मागून घेतली, सराव म्हणून. तीनदा काढली. तिन्ही वेळा माझी सही आलीच नाही, कोटावरची आली. तीच ओढाताण. फळ्यावर अशीच आली तर लोक म्हणतील, बघा, कोटावरची यानंच केली. दोघंही चोर.

पाटी पुसली. नंतर वाटलं, पुसायला नको होती, वारलूच्याच हातची वाटत होती.

माइकवर माझं नाव घेताहेत. आयुष्यभर पडद्यामागं बसलो, पुढं कधी आलो नाही. आज मागून सांगायला कोणी नाही.