एकदाच विचारलं

शुक्र., १ सप्टें. १९६७

मंडळीचं पत्रक एकदाचं निघालं. मध्ये दोनदा वीज गेली, घामाने सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल मनगटाला चिकटली, आणि पाद्रीसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी सगळं बिनचूक. या महिन्यात ते शारजाला कधी, रास अल खैमाला कधी, कोण रजेवरून परतलं, कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा. शेवटी नेहमीचं सदर, 'सेवेच्या संधी'. वेदीवर फुलं ठेवायला कोणी हवं. हॉस्पिटलात आजाऱ्यांना भेटायला कोणी हवं. आणि मुलांच्या वर्गाला शिक्षिका हवी.

शिक्षिका हवी! वर्ग घेणाऱ्या प्रेस्टनबाई नवऱ्याच्या बदलीमुळे बहरीनला गेल्या, म्हणून. नगरला मी लग्नाआधी आणि नंतरही मुलांची शब्बाथशाळा चालवली. दुबईला आलो तेव्हा आमच्या रेव्हरंडांनी चिठ्ठी दिली होती, तीत हे स्वच्छ लिहिलं होतं, आणि पाद्रीसाहेबांनी (पा. सा.) ती माझ्यासमोर वाचली. त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी पत्रक टाइप करते आणि उपासनेनंतर चहा ओतते.

आज उपासनेत (इथे सुट्टी शुक्रवारची) त्यांनी पुढे उभं राहून जाहीर केलं, ज्यांना इच्छा असेल त्यांनी नंतर मला भेटावं. मी मान खाली घालून बसले. आता विचारतील, मग विचारतील. दारात हस्तांदोलन केलं नि म्हणाले, "पत्रक फार सुरेख, मिसेस साळवे." बस. एवढंच.

बुध., ६ सप्टें.

ह्यांच्याशी वाजलं. म्हणे, "जाऊन सांग ना त्यांना, मला वर्ग हवाय म्हणून. सिम्पल मॅटर आहे."

मी स्वतः जाऊन सांगू? लाज नाही वाटणार? नगरला शाळा मला मिळाली तेव्हा रेव्हरंड आणि पास्टरेट कमिटीचे दोघे घरी आले होते. म्हणाले, सरोजने शाळा घ्यावी. मी म्हटलं, माझ्यापेक्षा शांताबाईंना जास्त येतं. ते म्हणाले, नाही, तूच. मी म्हटलं, मला जमेल का. ते म्हणाले, जमेल, घे. मग मी मान खाली घातली आणि रेव्हरंडांनी प्रार्थना केली. सेवा अशी मिळते. बाबांना मंडळीचे पंच केलं तेही असंच. आमच्या मंडळीत एकीने स्वतःहून हात वर केला होता, तिला लोक अजून 'पुढंपुढंबाई' म्हणतात. पोरं मोठी झाली तिची, तरी.

हे म्हणाले, "अगं, हे नगर नाही." ते मला माहीत आहे. नगरला नळाला गोडं पाणी येत होतं.

रूथ गृहपाठातून डोकं वर न काढता म्हणाली, "ममी, जस्ट आस्क हिम." आठ वर्षांची पोर, मला शिकवते.

शुक्र., १५ सप्टें.

कोणीही पुढे आलं नाही. आमची उपासना क्लबच्या हॉलमध्ये, त्यामुळे मुलं आता व्हरांड्यात सैरावैरा. आज एक जण टेबल टेनिसच्या टेबलाखाली झोपून गेलं, दोघांनी एकमेकांचे केस ओढले. मला आतून ऐकू येत होतं. एका गाण्यात बसवली असती सगळी. हातपाय शिवशिवतात.

मिसेस हॉलोवे (मंडळीची सगळी सूत्रं ह्याच बाईच्या हातात) चहाच्या टेबलापाशी म्हणाल्या, शिक्षिका मिळाली नाही तर वर्ग बंद, नाताळचं नाटकही बंद. "काय करणार? कोणाला वेळच नसतो." मी त्यांच्याच कपात साखर घालत होते. बाई गं, वेळ म्हणजे काय असतो ते माझ्याकडे येऊन बघ. दुपारी बर दुबईच्या त्या दोन खोल्यांत पंख्याकडे बघत मी किती वेळ घालवते.

मंगळ., १९ सप्टें.

काय झालं ते लिहायचंसुद्धा नाही. पण लिहिते.

पा. सा. मजकूर द्यायला घरी आले, खाडीपलीकडच्या देऱ्याहून अब्राच्या होडीत बसून. चहा घेतला. कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाले, "मिसेस साळवे, मुलांचा वर्ग तुम्हीच का नाही घेत?"

देवा! आणि माझ्या तोंडून काय निघावं? "छे, मी कसली. मिसेस गायकवाड माझ्यापेक्षा किती चांगल्या." इंग्रजीत, व्याकरणासकट, नीट.

"मी अगदी समजू शकतो," ते म्हणाले. "थँक यू." टोपी घेतली नि जिना उतरले. मी ट्रे धरून उभी. मला वाटलं अर्ध्या जिन्यातून परत येतील. खिडकीतून पाहिलं तर ते अब्राच्या धक्क्याकडे वळलेसुद्धा होते.

एकदाच? एवढी मोठी गोष्ट एकदाच विचारतात का कोणी?

शुक्र., २२ सप्टें.

लीलाबाई गायकवाडांना विचारून झालं. त्यांनीच सांगितलं, अगदी खुशीत. "मी म्हटलं, मला कुठलं जमतंय! साळवेबाईंना विचारा."

"मग?"

"मग काय. थँक्यू म्हणाले आणि गेले. पुन्हा येतील म्हणून काल मी केस धुऊन, नीट साडी नेसून बसले होते."

हसावं की रडावं कळेना. म्हणजे वर्ग तिलाही हवा आहे. हे मला आज कळलं, आणि मी त्या बाईचं नाव स्वतःच्या तोंडाने सुचवलं आहे.

रवि., २४ सप्टें.

शेजारच्या जुलेखाबींना सांगितलं. त्या दाभोळकडच्या, मराठी बोलतात, म्हणून मन मोकळं करता येतं. पापड लाटत ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगो वैनी, इथले अरबसुद्धा पुरे म्हणून कप हलवून दाखवीपर्यंत कावा ओतत राहतात. तुझा साहेब इतकी वर्षं हय आहे, कावा पीत नाय?"

पितात. सगळीकडे पितात. शेखांकडे जातात तेव्हा तीन तीन कप पितात, मीच पत्रकात छापलंय.

गुरु., २८ सप्टें.

ऑक्टोबरच्या पत्रकाचा मजकूर. शेवटच्या सदरात लिहिलंय: 'काही भगिनींना विचारण्यात आले, परंतु आपल्या भारतीय कुटुंबांची या सेवेत सहभागी होण्याची तयारी दिसत नाही. मुलांचा वर्ग तूर्त बंद राहील.'

हे मी टाइप करायचं. मी!

केलं. एकेक अक्षर. मग स्टेन्सिल काढून वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. तयारी दिसत नाही? नगरहून आम्ही काय चहा ओतायची तयारी करून आलो? करेक्शनची गुलाबी बाटली घेतली आणि ते सगळं वाक्य झाकून टाकलं. जाड थर. 'सेवेच्या संधी' या मथळ्याखाली फुलं, हॉस्पिटल आणि मग पांढरी जागा. तशाच प्रती काढल्या, शारजा-रास अल खैमाचे गठ्ठेही बांधले.

हे घाबरले. "ब्लँक ठेवलंस? लोक विचारतील ना."

विचारू देत. विचारायला तरी येऊ दे कोणाला.

शुक्र., २९ सप्टें.

मिसेस हॉलोवेंनी पत्रक उजेडाकडे धरून पाहिलं. "यंत्र बिघडलं का, मिसेस साळवे?"

"नाही," म्हटलं. "यंत्र चांगलं आहे." ओतताना त्यांच्या बशीत चहा सांडला.

पा. सा. नी लोकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. पत्रकाचं काम आता काढून घेणार. घेऊ देत. पण मग माझ्याकडे इथे काय उरलं?

सोम., २ ऑक्टो.

आले. पा. सा. बसलेसुद्धा नाहीत. ते वाक्य का गाळलं?

ह्यांना खोकला सुटला. मी बोलले. "ते खरं नाही म्हणून. तुम्ही लिहिलंत तयारी नाही. तुम्ही एकदाच विचारलंत." त्यांना कळेचना. मग सगळं सांगितलं, आमच्याकडे कमिटी घरी कशी येते, पहिल्या फटक्यात हो म्हणणारी कशी उथळ ठरते, लीलाबाई केस धुऊन कशा बसल्या होत्या. ते सांगायला नको होतं.

त्यांचा चेहरा लाल झाला. बसले. बराच वेळ टोपी फिरवत होते. मग म्हणाले, "मिसेस हॉलोवेंनी इंग्लंडला भाचीला पत्र टाकलं आहे. ती नोव्हेंबरात बोटीने येते. वर्ग ती घेईल असं जवळजवळ ठरलं आहे."

"तिला मुलांना शिकवायचा अनुभव आहे?"

"तिला घोडे फार आवडतात," पा. सा. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

मग म्हणाले, बघतो. आणि गेले. एवढं सगळं ऐकूनसुद्धा विचारलं नाही! दार लावलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. मला वर्ग हवा आहे. हवा आहे, हवा आहे. इथे वहीत लिहिता येतं, इथे कोणी चार माणसं बसलेली नसतात.

शुक्र., ६ ऑक्टो.

उपासना संपली, चहा चालू होता. पा. सा. गर्दीतून सरळ माझ्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मिसेस साळवे, मुलांचा वर्ग घ्याल का?"

माझ्या एका बाजूला मिसेस हॉलोवे. दुसऱ्या बाजूला लीलाबाई, हातात बिस्किटांची बशी. तिच्या तोंडावर हो कसं म्हणू? जीभ आपोआप वळली. "मिसेस गायकवाड आहेत की..."

ते हलले नाहीत. "मी तुम्हाला विचारतोय."

ऐकलं मी. कानात अजून तेच आहे. आणि तरी ही बाई, म्हणजे मीच, काय म्हणते? "इंग्रज मुलांना शिकवायला मला जमेल का?"

त्यांनी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात मिसेस हॉलोवे, "पाद्री, लँडरोव्हर केव्हाची थांबली आहे. उजेडात रास अल खैमा गाठायचं असेल तर निघा." ड्रायव्हर बाहेरून "यल्ला, यल्ला" करत होता. पा. सा. नी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "मी परत आल्यावर," एवढंच म्हणाले आणि गेले. मिसेस हॉलोवे मग मला म्हणाल्या, "तुमची अडचण बरोबर आहे हं. आमची जेन येईपर्यंत निभेल कसंतरी."

घरी येताना अब्रात लीलाबाई माझ्यावर डाफरली. "दुसऱ्यांदा कशाला नन्नाचा पाढा? तेव्हाच हो म्हणायचं होतंस."

"तू असतीस तर म्हणाली असतीस?"

"नाही गं," म्हणाली. मग आम्ही दोघी हसत सुटलो, अब्रावाला बघायला लागला. खाली उतरताना तिने माझा दंड धरला होता. तिने मनापासून धरला की धक्क्यावर पाय घसरू नये म्हणून, ते तिचं तिला ठाऊक.

बुध., ११ ऑक्टो.

पा. सा. परवा येणार. रास अल खैमाहून निरोप आला.

दिवसभर चिडचिड. आमटी करपली. हे म्हणतात, "आता तरी तू आधी बोल. नाहीतर दोन वेळा नो म्हणालीस ते फाइल होऊन जाईल, मग खलास." खरं आहे. त्यांच्या हिशेबात ते दोन नकार आहेत. माझ्या हिशेबात फक्त त्यांचं 'जमेल, घ्या' राहिलं आहे. माणूस लक्षात ठेवून असेल की 'बघतो' म्हणून विसरला असेल, वाळूतून एवढा प्रवास करताना काय आठवत असेल त्याला?

रूथने विचारलं, "सो डिड ही आस्क यू?"

दोनदा, म्हटलं.

"अँड यू सेड नो? ट्वाइस?" पोरीने पेन्सिल खाली ठेवली. "ममी, आय डोंट गेट इट. यू वाँट इट." तिला काय सांगू. मी तिच्याएवढी होते तेव्हा मला हे कोणी समजावलं नव्हतं, आणि तरी मला कळत होतं.

शुक्रवारी लवकर निघायचं. दारापाशीच उभी राहीन, चहाकडे जाणार नाही, लीलाबाई बघेल काय करायचं ते. पा. सा. आत येताना थांबले आणि विचारलं तर मान खाली घालायची, झालं. नुसते "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे गेले तर त्यांच्या मागून हॉलमध्ये जायचं, मिसेस हॉलोवे तिथेच असतील, सगळेच असतील, आणि सगळ्यांसमोर मी म्हणायचं की मला वर्ग...